धुराच्या खोलीतला पिंजरा

शेजारच्या काकूंनी डासांसाठी खिडक्या लावून धूप घातला होता. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात त्यांचा गिनीपिग बरगड्या ओढत श्वास घेत होता. नाक ओलं, काकडी तशीच पडलेली.

"लाडात आलाय. घुरघुरतोय बघ," काकू म्हणाल्या.

"काकू, त्याला श्वास घेता येत नाहीये! आधी खिडकी उघडा."

"अगं, डास येतील."

येऊ देत! धूर असह्य झाला की आपण उठून गॅलरीत जातो. तो कुठे जाणार? पिंजऱ्याचं दार आपण लावतो, तर आतल्या श्वासाला जबाबदारही आपणच.

खिडकी उघडूनही घुरघुर थांबेना.

"उद्या नेऊ डॉक्टरकडे," काकू म्हणाल्या.

मी पिंजरा उचलून काकूंच्या कानाशी धरला. त्या ऐकत राहिल्या आणि मग चपला शोधू लागल्या.