नुसता फ्लॅश

माधुरी सोनकांबळे हिला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. बावीस वर्षं भांडुपला टेंभीपाड्यात तिच्या नवऱ्याचा स्टुडिओ आणि माझं फ्रेमचं दुकान समोरासमोर होतं. मध्ये एक रिक्षा जाईल एवढाच रस्ता. पण तिला जेवणात काय आवडतं, माहेरी कोण कोण आहे, हसू आलं की ती तोंड का फिरवते, यातलं मला काही ठाऊक नाही. तिने फोटो आणून द्यायचे, मी काच आणि लाकूड लावायचं, एवढाच संबंध. मी बोलणारा माणूस नाही, लिहिणारा तर नाहीच. पुढे लिहिलंय त्यातलं थोडं मी पाहिलं, बरंचसं तिच्या नवऱ्याने, धोंडिरामने, एका दुपारी माझ्याकडे चहा पिता पिता सांगितलं. आणि तिच्या मनातलं मी आपलं अंदाजाने जुळवलं आहे. चुकलं असेल तर ते माझं.

लग्न होऊन वाशीमकडच्या खेड्यातून ती भांडुपला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ‘धोंडिराम फोटो’ ही पाटी तेव्हा नवी होती. तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं गेलं आणि तीच खोली तिची झाली. निगेटिव्हवरचे डाग बारीक ब्रशने भरायचे, ग्रुप फोटोत कुणी डोळे मिटले असतील तर ते उघडून द्यायचे. पुढे कॉम्प्युटर आला, ब्रश गेला, काम तेच राहिलं. मुलगी शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली, तरी माधुरी आपली मागच्या खोलीत बसून लोकांचे डोळे उघडतेच आहे.

धोंडिरामचं नाव झालं ते बौद्ध लग्नांमुळे. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यात, मागे पांढरा पडदा. नवखा फोटोग्राफर जोरात फ्लॅश मारतो आणि नवरीच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो. धोंडिरामच्या फोटोत निरी न निरी वेगळी दिसायची. भांडुपपासून कांजूरपर्यंत लोक हॉलच्या आधी त्याची तारीख धरायचे.

त्याने बायकोला धंद्यातल्या सगळ्या खुब्या शिकवल्या, त्यातली एक नुसत्या फ्लॅशची. रोल छत्तीस फोटोंचा आणि स्टेजवर चढणारे पाहुणे चारशे. प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी फोटो हवा. मग धोंडिराम कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि कॅमेऱ्याचं बटण न दाबता फ्लॅशच्या पाठीवरचं छोटं बटण दाबायचा. लख्ख उजेड पडायचा. मामा खूश, मामी खूश, फिल्म होती तशी शिल्लक.

“पण मग अल्बममध्ये ते दिसत नाहीत, तेव्हा?” माधुरीने एकदा विचारलं होतं.

“अल्बम बघायला मामाला कोण बोलावतंय?” धोंडिराम म्हणाला होता.

तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा. मग फोटोत डोकी कापली जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी आवरेल, जाणार नाही.

“कुणाला बोलायचं नाही,” दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच धोंडिराम म्हणाला. “हात गेलेल्या फोटोग्राफरला कोण बोलावणार?”

“मी काढते ना फोटो.”

“तू काढ. पण उभा मी राहणार.”

तसंच ठरलं. दोन कॅमेरे न्यायचे. समोर, मधोमध, काळ्या जाकिटात धोंडिराम. “सगळे माझ्याकडे बघा, मोबाईल खाली करा,” म्हणून हाळी द्यायचा तोच. बाजूला, फुलांच्या कमानीला टेकून, दुसरा कॅमेरा घेतलेली माधुरी. लोकांना वाटायचं, बायको हाताखाली आलीय. धोंडिरामचा हात बरा असला तर तो खरा फोटो घ्यायचा. नसला तर नुसता फ्लॅश. वाकडातिकडा फोटो आपल्या नावावर जमा होण्यापेक्षा काहीच न उमटलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. आणि प्रत्येक खऱ्या फोटोच्या कोपऱ्यात नाव पडायचं ते ‘धोंडिराम फोटो’ हेच.

माधुरीला हे नाव टाकायची सवय होती. ती सवय मोडली तेजलमुळे.

तेजल ही मुलुंडला तान्ह्या बाळांचे फोटो काढणारी मुलगी, वय असेल तिशीचं. तिच्या मैत्रिणीच्या लग्नाचा अल्बम बघायला ती स्टुडिओत आली. एका फोटोवर थांबली. नवरीची आत्या ओठांत चार पिना धरून, गुडघ्यावर बसून साडी टाचतेय, आणि नवरी वरून तिच्या पिकल्या भांगाकडे बघतेय.

“हा कुणी काढला?”

“आमच्याकडचाच आहे,” माधुरी म्हणाली.

“आमच्याकडचा म्हणजे? दादांनी? नवरी कपडे करत होती त्या खोलीत दादा शिरले?”

माधुरीने तोंड फिरवलं. “मीच काढला.”

“मग सांगा ना तसं, ताई! लाजताय काय? ऐका, माझ्याकडे या. मला अशीच बाई पाहिजे, बाळ रडलं तरी जिचा हात हलत नाही. आणि तुमच्या फोटोवर तुमचं नाव टाकू.”

शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. त्या दुपारी तिने कॉम्प्युटरवर ‘माधुरी’ हे नाव वेगवेगळ्या अक्षरांत लिहून पाहिलं. एक आवडलं ते कोपऱ्यात टाकायच्या मापाचं करून ठेवलं.

धोंडिरामला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “जा की. मी काय बांधून ठेवलंय?” आणि थोड्या वेळाने, गोळीचं पाकीट उघडायची खटपट करत, “मेमध्ये चार लग्नं घेतलीत फक्त. ती कशी करायची ते सांग आणि जा.”

तिने पाकीट फोडून दिलं. चार लग्नं उरकायची, जून दुकानाचं काम संपवण्यात घालवायचा आणि एक जुलैला मुलुंडला जायचं, असं तिने तेजलला कळवलं.

चौथं लग्न विकीचं. विकी आणि त्याचा थोरला भाऊ किरण आमच्याच गल्लीच्या वरच्या अंगाला राहतात. त्यांची आई चंपाबाई हॉस्पिटलात आया होती, नुकतीच निवृत्त झाली होती. बाई फोटोच्या वाऱ्याला उभी राहत नसे. कुणी मोबाईल धरला की, “माझा काय काढतोस, जेव आधी,” म्हणून पुढे सरायची. त्या दिवशी मात्र वंदना झाली, फुलं पडली, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, स्टेजवरच्या खुर्चीत मधोमध जाऊन बसली. गुडघ्यांवर हात ठेवले.

“धोंडिरामा, आत्ता काढ. घरचे अकराच्या अकरा आहेत. जेवायला सुटले की सापडायचे नाहीत.”

माधुरी तेव्हा खोलीत होती, नवरी दुसरी साडी नेसत होती म्हणून. धोंडिरामने इकडेतिकडे पाहिलं. दोन मिनिटं थांबा, एवढं म्हणायचं होतं. पण स्टेजवर अकरा माणसं श्वास रोखून उभी आणि हात असा उडत होता की कॅमेरा जाकिटाच्या बटणावर वाजत होता.

“मोबाईल खाली करा,” तो म्हणाला. “सगळे माझ्याकडे बघा.”

उजेड पडला. चंपाबाई उठली आणि वाढायला गेली.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं नाही. नंतर सांगू म्हणाला असेल, किंवा विसरलाही असेल. मला म्हणाला, विसरलो. मी पुढे काही विचारलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चंपाबाई गेली. सकाळी दूध तापवताना खाली बसली ती उठलीच नाही. चौथ्या दिवशी किरण आधी माझ्याकडे आला. “काका, बारा बाय अठराची फ्रेम करा, सागवानी. आईचा मधोमध बसलेला फोटो आहे ना, तोच लावायचाय.” मी लाकूड कापायला घेतलं. तो समोर गेला.

माधुरीने विकीच्या लग्नाचे सगळे फोटो उघडले. चंपाबाई पानं मांडताना होती, सुनेच्या खांद्यावर हात ठेवलेली होती, अर्धी पाठमोरी होती. खुर्चीतली नव्हती.

“असेल ना, वहिनी,” किरण म्हणाला. “आम्ही अकरा जण. दादांनी आमचे मोबाईलसुद्धा खाली करायला लावले. मोबाईलवर ढीगभर आहेत, पण आई सगळ्यांत कुणाला तरी वाढतेय. सरळ बघतेय असा तो एकच.”

“बघते,” ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. तिथे धोंडिराम खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून.

“तुम्ही काढला होता?” तिने हळू विचारलं.

“फ्लॅश पडला होता.”

“मी फ्लॅशचं नाही विचारत.”

बाहेर किरणने खाकरलं. त्या खोलीला दुसरं दार नाही. मला वाटतं, तिला तेव्हा दोनच वाक्यं सुचली असतील. एक खरं होतं. ते बोललं असतं तर एक जुलै तिचा होता; पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाने, आईचा फोटो हरवलेल्या माणसाने, नवऱ्याला गल्लीभर काय म्हटलं असतं, तेही तिला दिसत होतं. तीस वर्षांत कुणी त्या माणसाच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं.

“खोटं नको बोलूस,” धोंडिराम म्हणाला. पण उठला नाही.

ती बाहेर आली. “किरणभाऊ, ह्यांच्या कॅमेऱ्यातलं ते कार्ड माझ्या हातून उडालं. चुकून पुसलं गेलं.”

“पुसलं? आणि आज सांगताय?”

“हिंमत झाली नाही.”

“आईला मी आता परत खुर्चीत बसवू का, वहिनी? सांगा ना! दादांनी एवढा चांगला काढला असेल, आणि तुम्ही… हात कशाला लावता तुम्ही, येत नाही तर?”

ती उभी राहिली. माझ्या दुकानातून मला एवढंच दिसत होतं की ती उभी आहे आणि किरणचा हात वर-खाली होतोय.

किरण वाईट नाही. पण दुःखातला माणूस गप्प कसा बसेल? त्याने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की धोंडिरामदादांचं काम सोन्यासारखं, पण बायकोच्या हलगर्जीपणाने आमच्या आईचा शेवटचा फोटो गेला. पुढे ते कुणी कुणाला पाठवलं देव जाणे, मुलुंडपर्यंत पोचलं. तेजलचा फोन आला.

“ताई, खरं आहे का हे?”

“हो.”

“अहो, चूक कुणाकडूनही होते… पण माझ्याकडे बाळ सात दिवसांचं असतं. ते परत सात दिवसांचं होत नाही. आईबापांनी विचारलं तर मी काय सांगू?”

“बरोबर आहे तुमचं.”

“पुढे बघू, हं.”

“हो, हो. पुढे बघू.”

एक जुलै आला आणि गेला. दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी लोक यायला लागले आणि प्रत्येक जण तारीख लिहिताना हसत हसत, पण ठामपणे सांगायचा, “दादा, कॅमेरा तुम्हीच धरायचा हं. वहिनींनी फक्त लाईट बघायचा.” फुलांच्या कमानीला टेकून उभं राहायची जागाही गेली.

मग धोंडिरामने तिपाई घेतली आणि एक रिमोट आणला, काडेपेटीएवढा. कॅमेरा तिपाईवर पक्का करायचा. धोंडिरामने मागे उभं राहायचं, एक डोळा मिटायचा, “रेडी” म्हणायचं. माधुरीने लाईटची छत्री धरून बाजूला उभं राहायचं, पदराखाली मूठ, मुठीत रिमोट. माणसं नीट उभी आहेत का, कुणाचे डोळे मिटले का, हे तिने लांबून ओळखायचं आणि अंगठा दाबायचा. ती तो इतका अचूक दाबते की धोंडिराम म्हणाला, “काका, माझ्या ऐन भरातसुद्धा असे फोटो आले नव्हते.” हे सांगताना तो रडत होता. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. किरणला मी काही सांगितलं नाही. धोंडिरामनेही सांगितलं नाही. माझ्याच दुकानात ती सागवानी फ्रेम रिकामी टांगलेली होती. पुढे किरणने तीत आईचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला.

गेल्या मार्चमध्ये आमची इमारत पाडायचं ठरलं. दुकान बंद करून मी मुलाकडे चेंबूरला निघालो. बिल्डरच्या कागदांना पासपोर्ट फोटो लागत होते, म्हणून निघायच्या आदल्या सकाळी समोर गेलो. फोटो दुसऱ्या दिवशी मुलगाच जाऊन घेऊन आला, त्यामुळे माझं तिथे जाणं तेच शेवटचं.

धोंडिरामने मला स्टुलावर बसवलं, कॉलर सरळ केली, आणि तिपाईमागे जाऊन उभा राहिला. माधुरी छत्रीजवळ होती. निळी सुती साडी, पदर उजव्या हातावरून घेतलेला. पदराखाली मूठ होती. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत असावं, नाहीतर नसावंही. बोलायचं पुष्कळ होतं. निदान, फोटो छान काढता हो तुम्ही, एवढं तरी. ओठावर आलंही होतं. मी तिच्या हाताकडे बघत बसलो.

“रेडी,” धोंडिराम म्हणाला.

“काका, इकडे नका बघू,” माधुरी म्हणाली. “त्यांच्याकडे बघा.”

“बरं,” मी म्हणालो.