घरच्या कुंकवाची डबी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. लग्न होऊन मी सांडोरच्या बागायतीतून खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरात आले होते. नणंद सुमन तेव्हा एकोणीस वर्षांची. बाजारच्या कुंकवानं तिच्या कपाळाला खाज सुटायची. मी म्हटलं, त्यात कसला रंग घालतात देव जाणे, टाकून दे ते, मी घरी करून देते. माझ्या माहेरी कुंकू घरीच व्हायचं — हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार घालून मुरवायचे, सावलीत वाळवायचे, मग कुटायचे. त्यात मला मिरवायची भारी हौस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बायकांना घरचंच कुंकू लावीन, असं महिनाभर आधी सांगून बसले.

सावलीत वाळायला दिवस लागतात. मला तेवढा धीर कुठला? उन्हात टाकलं. रंग उडाला, विटेच्या भुकटीसारखं मातकट काहीतरी हाती आलं. आता बायकांना काय दाखवणार? — वसईच्या बाजारातून लाल रंगाची पुडी आणली आणि मिसळली. सुमनचं जुनं कुंकू यायचं, त्याच दुकानातून. कोणाला कळलं नाही, वाहवा झाली. बायका एक दिवस लावून गेल्या. सुमन रोज लावत राहिली.

खाज थांबली नाही. ती म्हणायची, जुन्या कुंकवाचीच राहिली असेल. उन्हाळ्यात कपाळावर पांढुरका ठिपका दिसला, आणि तो झाकायला ती कुंकू आणखी मोठं लावू लागली. मी रोज बघत होते. थांब, एवढा एक शब्दही काढता आला नसता का मला? आला असता.

ठिपका रुपयाएवढा झाला तेव्हा सासूबाई तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मी सोबत होते. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, कपाळाला काय लावता? सुमन ताठ मानेनं म्हणाली, "वैनीनं घरी केलेला कुकू. निस्ती हलद न् लिंबू." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं — आणि मी मान हलवली. मग कुंकवाचा संबंध नाही, असं म्हणून त्यांनी कोड सांगितलं.

माझा गुन्हा तो. रंग मिसळला तो बढाईपायी, पण मान मी समजून-उमजून हलवली. घरी आल्यावर उरलेलं कुंकू खाडीत टाकून दिलं. डाग गेला नाही. सुमनचं ठरत आलेलं लग्न मोडलं. विरारच्या त्या लोकांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढे स्थळं यायचीच थांबली. माझी मुलं तिनं वाढवली. घरात हळदीकुंकू असलं की ती आपणहून मागच्या पडवीत जाऊन बसते. मला तिच्याकडे बघवत नाही, आणि तरी मी बायकांची ओटी भरत असते.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला स्थळ आलं. चहा घेता घेता मुलाच्या आईनं विचारलंच — आत्याला कोड आहे म्हणे, मग घराण्यात आणखी कोणाला...? मी घाईघाईनं म्हटलं, छे हो, कोड नाही ते, बाजारच्या कुंकवातल्या रंगाचा डाग आहे, डॉक्टरच म्हणाले. अठरा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते लेकीसाठी अर्धंमुर्धं का होईना, एका दमात निघालं. लग्न ठरलं.

सुमन आतून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर बाहेर आली.

"म्हंजे ह्यो कोड नव्हताच, वैनी?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मंग तवाच का नाय सांगितला कोनी?"

"तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.