काळ्या रानाचे टायर

माणसाला बसल्याजागी दमवून टाकण्याची विद्या आमच्या मेहुण्याला जितकी वश आहे, तितकी उभ्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. उन्हानं दमलेला माणूस सावलीत बसला की सावरतो, कामानं दमलेला झोपला की उठतो. पण मेहुण्यानं रविवारी दमवलेला माणूस पुढच्या रविवारपर्यंत दमलेलाच राहतो, आणि त्या रविवारी सकाळी खाली पुन्हा हॉर्न वाजतोच. "दाजी, निघायचं का?" हा काही प्रश्न नसतो. धाकट्या भावाचा आवाज ऐकला की आमच्या सौभाग्यवती माझ्या हातातला पेपर काढून घेतात. "जा ना हो, बिचारा एकटा काय काय बघणार?" बिचारा! गेलं वर्षभर हा बिचारा त्याच्या जीपला टायर बघत होता, आणि मी त्या बिचाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून म्हातारा होत होतो.

तसा दोष त्याचा एकट्याचा नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत खोट काढायची, याचा त्याला पगार मिळतो. उरलेल्या वेळात हेच काम तो फुकट करतो. औरंगपुऱ्याच्या बाजारात वांग्याच्या ढिगासमोर तो बसला की भाजीवाली पदर खोचून उभी राहते. एकेक वांगं उन्हाकडं धरून बघणार, देठ दाबणार, शेवटी पावशेर घेणार आणि उरलेली वांगी आकारानं लावून देऊन येणार. घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा दुकानातल्या एकेका पंख्याखाली हा डोळे मिटून उभा राहिला. पंखा काही पसंत पडला नाही, सर्दी मात्र घेऊन आला. अशा माणसानं जीप घ्यावी, तीही फोर बाय फोर, आणि वर तिच्या स्प्रिंगा बदलून ती वीतभर उंच करून घ्यावी, म्हणजे माझ्या पत्रिकेतले सगळे ग्रह एका घरात येऊन बसले म्हणायचे.

आता ही जीप कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. माझ्या सासूबाई फुलंब्रीच्या पलीकडं शेतावरच्या वस्तीवर एकट्या राहतात. सासरे गेल्यावर एकदा त्यांना मेहुण्याच्या सिडकोतल्या फ्लॅटवर आणून पाहिलं. त्यांनी तिथं मन लावून जिन्यातल्या कुंडीला रोज पाणी घातलं. ते झाड प्लास्टिकचं आहे हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. "तुमच्या ह्या खोक्यात माझा जीव नाय रमत," म्हणाल्या आणि एसटीत बसल्या. हेही चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात झड लागली असताना त्या तापानं फणफणल्या. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंतची वाट म्हणजे निव्वळ काळी माती. भिजली की माणसाची चप्पल ठेवून घेते, तिथं गाडीची काय कथा! मेहुणा आपली छोटी कार घेऊन डांबरीवर उभा राहिला आणि शेजारपाजारच्या चौघांनी सासूबाईंना बाजेवर घालून, खांद्यावर घेऊन चिखलातून आणलं. चौघांच्या खांद्यावर येणारी आई त्यानं लांबून पाहिली. दवाखान्यात त्या बऱ्या झाल्या, आणि महिन्याभरात या गृहस्थानं कार विकून जीप आणली.

सौभाग्यवतींचं म्हणणं होतं, आता पुरे, आईला कायमचं शहरात आणायचं. सासूबाई ऐकेनात. मायलेकींची जुंपली तेव्हा मेहुण्यानंच तोड काढली. पुढच्या पावसाळ्यात ऐन झडीत गाडी वस्तीच्या दारापर्यंत गेली तर आई वस्तीवरच राहणार. नाही गेली तर तिनं निमूट त्याच्याकडं यायचं आणि पुन्हा कुरकुर करायची नाही. सासूबाईंनी "कबूल" म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकला. सौभाग्यवतीही हसल्या, झडीत त्या रानात काहीच जात नाही हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. उरला होता तो टायरचा प्रश्न, आणि तो आला माझ्या वाट्याला.

टायर म्हणजे काळं, गोल, रबराचं, इतकीच माझी समजूत होती. मेहुण्यानं ती मोडीत काढली. डांबरीवर पळणारे वेगळे, डांबर आणि माती दोन्हीकडं चालणारे वेगळे, आणि खास चिखलाचे वेगळे. चिखलवाल्यांची नक्षी मोठमोठ्या ठोकळ्यांची, मधे बोटं जातील एवढ्या खाचा. त्यात रुंद की अरुंद हा घरं फोडणारा वाद! एक पक्ष म्हणतो, रुंद टायर चिखलावर तरंगतो. दुसरा म्हणतो, तरंगतोय कसला, घसरतो. अरुंद टायर वरचा राडा कापून खालची घट्ट जमीन धरतो. मेहुणा सोमवारी एका पक्षात असायचा आणि गुरुवारी दुसऱ्या. जालना रोडवर सिग्नलला शेजारी एखादी उंच गाडी उभी राहिली की हा खाली उतरून तिच्या टायरच्या खाचेत बोट घालायचा. सिग्नल सुटायचा, मागचे शिव्या घालायचे, आणि त्या शिव्या ऐकायला गाडीत मी एकटा.

मोंढा नाक्याजवळ एका चाचांचं टायरचं दुकान आहे. तिथं तर आम्ही इतक्या वेळा गेलो की चाचाही मला दाजी म्हणू लागले. मेहुणा टायरचा वास घ्यायचा, नख रुतवायचा, तो कोणत्या आठवड्यात बनला तो कडेवर कोरलेला आकडा वाचायचा आणि "हा जरा शिळा वाटतो" म्हणायचा. शेवटी चाचांनी एकदा चष्मा काढून हात जोडले. "अरे मियाँ, टायर लेना है के लड़की देखने कू आए? लड़की वाले भी इत्ते में ना बोल देते!" मग माझ्याकडं वळून चहाचा कप पुढं करत हळूच म्हणाले, "दाजी, तुम्हारा सबर देख के मेरे कू रोना आता." त्या एका वाक्यासाठी मी चाचांना जन्मभर दुवा देईन. घरच्यांनाही जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं.

रिमचं प्रकरण निराळंच. अलॉयचे दिसायला देखणे, पण दगडावर आपटले तर तडकतात. लोखंडी वाकले तर गावातला लोहारसुद्धा हातोडीनं सरळ करून देतो. एवढं कळल्यावर लोखंडी घ्यावेत की नाही? पण नाही. कुणाचे तरी जुने रिम आणि टायर उसने आणून चिकलठाण्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर परीक्षा झाली. मेहुणा स्टिअरिंग पूर्ण वळवणार, आणि टायर कुठं घासतो ते मी खाली आडवं होऊन बघणार. माझं वय, माझी कंबर, माझी समाजातली थोडीफार पत. सगळं त्या धुळीत. "दाजी, घासतंय का?" "घासतंय." "किती?" "अरे, मी खाली झोपलोय, मला काय माहीत किती! घासतंय!" त्याच वेळी आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ स्कूटरवरून चालले होते. थांबून त्यांनी विचारलं, "काही मदत हवी का?" गाडीनं मला उडवलंय अशीच त्यांची समजूत झाली होती. मी नको म्हणालो, पण खरं सांगायचं तर हवी होती.

मग एका रविवारी गाडीत मागं झाकणाची बादली दिसली. मला वाटलं ताक आहे. निघाली वस्तीवरची काळी माती, घरूनच भिजवून, कणकेसारखी मळून आणलेली! चाचांच्या दुकानापुढं त्यानं एकेक टायर उभा करवला, खाचाखाचांत ती माती ठासून भरली आणि जोर लावून गरगरा फिरवला. "जो माती धरून ठेवंल त्यो नापास," म्हणाला, "जो फेकून देईल त्यो आपला." चाचा डोक्याला हात लावून बसले. "या अल्ला, दुकान है, खेत नक्को बनाओ!" रुंद टायरांनी माती गच्च धरली, लाडवासारखे गोळे झाले. मग एक उंच, अरुंद, मोठ्या ठोकळ्यांचा टायर आला. तो फिरला मात्र, आणि सगळी माती माझ्या पांढऱ्या शर्टावर. मी काही बोलायच्या आत मेहुण्यानं मला मिठी मारली. "दाजी, सापडला!" त्याचे डोळे भरून आले होते. चाचांनी घाईघाईनं तसले चार बाजूला काढले. न जाणो, याचं मन फिरायचं. रिम अर्थातच लोखंडी.

आषाढात झड लागली. दिवस-रात्र थांबायचं नाव नाही. रविवारी सकाळी हॉर्न वाजला तेव्हा पेपर मीच बाजूला ठेवला. सौभाग्यवती दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अडकली तर बरंच होईल हो. सांभाळून जा." दोन्ही वाक्यं त्या मनापासून बोलल्या. फुलंब्री मागं टाकली, डांबरी संपली आणि मेहुण्यानं जीप काळ्या वाटेवर घातली. पुढची सगळी वाट मी हँडल धरून देवाचं नाव घेत होतो. पण गाडी जावी म्हणून की अडकावी म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. गाडी आडवी व्हायची, पुन्हा सरळ व्हायची. चिखलाचे गोळे टपावर धाडधाड पडायचे. ओढ्याजवळच्या वळणावर ती थांबते की काय असं झालं. मेहुण्यानं दातओठ खाऊन गिअर टाकला, चाकं जागच्या जागी फिरली, माती उडाली, आणि जीप जी निघाली ती थेट वस्तीच्या दारात. मेहुणा लहान पोरासारखा ओरडला, "आई! आलो गं!"

सासूबाई डोक्यावर पोतं घेऊन बाहेर आल्या. गाडीभोवती फिरल्या. बैलाची पाठ थोपटावी तसा पुढचा टायर थोपटला. "आली की रं बाबा दारात! जावईबापू, तुमी पण लई तरास काढला ह्याच्यापायी." मग म्हणाल्या, "चल, मला गावातून एक चक्कर मार. बघू दे लोकान्ला." दार उघडलं, त्यांनी पाय उचलला आणि तिथंच थांबल्या. जीपचा तळ त्यांच्या कमरेला लागत होता. पाट आणला, बादली पालथी घातली, पण संधिवाताचा गुडघा वाकेना. वर्षभर आम्ही टायरची उंची मोजली, रुंदी मोजली, खाचा मोजल्या. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई या गाडीत चढणार कशी, हे त्या क्वालिटीवाल्याच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

शेवटी मेहुण्यानं त्यांना उचललं. बराच जोर लावावा लागेल म्हणून तो पाय रोवून वाकला होता, आणि आई एकदम वर आली. तो तसाच उभा राहिला. तिला आत ठेवायचं त्याला सुचेना. आईकडं बघत राहिला. "अरं, पाऊस लागतोय," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठं त्यानं सीटवर ठेवलं, तेसुद्धा फार हळू. गावातून चक्कर झाली. सासूबाईंनी काच खाली करून, ओटीवर बसलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला हाका मारल्या, "माझ्या पोराची गाडी हाय!" पोरगा मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी पार सावकाश घेत होता.

परत आल्यावर चुलीपुढं चहा झाला. मेहुणा कप खाली ठेवून म्हणाला, "आई, चल माझ्याकडं."

"आता कशाला? ठरलं काय होतं आपलं? गाडी दारात आली का नाय?"

"आली."

"मग झालं तर."

"तू लई हलकी झालीस गं."

सासूबाई हसल्या. लाकूड पुढं सारत म्हणाल्या, "म्हातारं माणूस हलकंच असावं. उचलणाऱ्यान्ला बरं पडतं." मेहुणा उठून बाहेर गेला. मी चहा संपवायचं निमित्त करून बसून राहिलो, कारण कुठं बघावं ते मलाही कळत नव्हतं. त्यांनी दिलेला शब्द त्या पाळत होत्या. आता त्यांना चल म्हणायला आमच्याकडं कसलंच कारण उरलं नव्हतं.

येताना त्याच वाटेनं जीप सहज बाहेर पडली. डांबरीवर आल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, आणि टायरमधली माती काढायला काडी घेऊन पावसात खाली बसला. खाचा जवळजवळ स्वच्छ होत्या. टायरनं आपलं काम चोख केलं होतं. तरी तो बसून राहिला. मी छत्री घेऊन त्याच्या डोक्यावर धरली, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला,

"दाजी, रुंदवाले घ्यायला पाहिजे होते. अडकलो असतो, तर आई आली असती."