पात्यावरचे पाच ठिपके

आमच्या मालाडच्या घरात एक जपानी तलवार धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली असे, आणि तिच्याविषयी शासनाला कळवणे हे मी माझे कर्तव्य समजत असे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांनी शस्त्रे खाली ठेवली तेव्हा गोऱ्या साहेबाने ती फौजेतल्या वडिलांना बक्षीस दिली होती. पुढे वडील गिरणीत लागले, तलवारही मुंबईला आली, आणि दर खंडेनवमीला विळी, कोयता आणि पाना-पक्कड यांच्या पंक्तीत बसून पूजा घेऊ लागली.

आईवडिलांच्या पश्चात ती माझ्या ताब्यात आली आणि मी शस्त्र कायदा वाचला. पोलीस ठाण्याला पत्र लिहिले. उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिले. उत्तर नाही. त्यापुढच्या पत्रात ‘अक्षम्य’ हा शब्द योजला, तेव्हा बोलावणे आले.

“काका,” अंमलदार म्हणाला, “लोक लपवतात, आणि तुम्ही मागे लागलाय. जुनी आहे ना?”

“प्राचीन आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो!”

“मग तज्ज्ञाचा कागद आणा. पुढचं बघू.”

माझ्या शब्दाला पुरावा मागणाऱ्या त्या माणसाविरुद्ध तक्रारीचा मसुदा रिक्षातच मनात तयार झाला. परंतु मागणी नियमाला धरून होती, हे घरी पोहोचेपर्यंत मान्य करावे लागले. त्याचा राग वेगळा.

मुलुंडला एक बाई जुन्या शस्त्रांचे जतन करतात. जपानमध्ये राहून त्या हे काम शिकल्या आहेत. मी त्यांना घरी बोलावले. बोरिवलीहून माझी थोरली बहीणही आली. आईनंतर खंडेनवमीची पूजा ताईच्याच हातची, त्यामुळे तलवारीवर तिचा हक्क माझ्याइतकाच आहे, असे ती म्हणते. कायदाही तसेच म्हणतो.

बाईंनी मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ठोकून काढली आणि मूठ उतरवली. आत पात्याचे शेपूट काळ्या गंजाने माखलेले होते आणि त्यावर अक्षरे कोरलेली अंधुक दिसत होती. ताईने तत्परतेने स्वयंपाकघरातून चिंचेचा कोळ आणला. आमच्या घरी तांबेपितळ, विळी, तलवार सगळे चिंचेनेच निघते.

“आजी, थांबा!” बाई जवळजवळ ओरडल्या. “हा गंज म्हणजे हिचा जन्मदाखला. याच्या रंगावरून वय कळतं. घासलात तर संपलं.”

जन्मदाखला म्हटल्यावर मी वाटी ताईच्या हातून काढून घेतली.

निष्कर्ष असा निघाला की मूठ सैन्याची, युद्धकाळातली. पाते मात्र त्याच्या कित्येक पिढ्या आधीचे, हाताने घडवलेले. मी अंमलदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आणून घेतला. मग बाईंनी पात्यावर दिवा धरला. खोबरेल तेलाचा पिवळा, चिकट थर; त्याखाली धारेलगत धुक्यासारखी नागमोडी रेघ; आणि मध्यभागी, ओळीने, पाच खड्डे.

“हे कशाने झालं?”

आई दर खंडेनवमीला अनामिकेने पाच ठिपके लावी, ओल्या कुंकवाचे, नेहमी त्याच जागी. तिच्यानंतर ताई त्याच ठिपक्यांवर बोट ठेवत आली. दसऱ्यानंतर कुंकू पुसायचे नाही, ही आमच्याकडची रीत. वर्षानुवर्षे ते ओल धरून पोलाद खात राहिले होते.

“घासून घालवता येतील,” बाई म्हणाल्या. “पातं थोडं झिजेल, पण खड्डे उरणार नाहीत.”

“घालवा,” मी म्हणालो. “वस्तू पूर्ववत झालीच पाहिजे.”

“पूर्ववत म्हणजे कधीसारखी रे?” ताई कडाडली. “त्या जपान्याच्या घरी होती तशी, की आपल्या? आयेची बोटां हत ती! तुझ्याकडे तिची दुसरी काय खूण आहे, सांग ना! फोटोत तर डोळे मिटलेत तिचे!”

आयुष्यभर मी कायदा विभागात मसुदे तपासले, परंतु ‘पूर्ववत’ या शब्दाला तारीख लागते हे कोणी लक्षात आणून दिले नव्हते. मी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिले. डोळे खरोखरच मिटलेले होते.

“खड्डे राहू द्या,” मी बाईंना म्हणालो. “गंज तेवढा थांबवा.”

बाईंच्या कागदावर ठाण्यात एकदाची नोंद झाली. बाईंकडून पाते परत आले ते साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात, लेखी अटींसह: पाणी नाही, चिंच नाही, खोबरेल नाही, कुंकू नाही, उघड्या पात्याला बोट नाही.

खंडेनवमीला मी त्या अटी ताईला मोठ्याने वाचून दाखवल्या. तिने ऐकून घेतले. मग पाते हळूच म्यानातून थोडे बाहेर काढून खड्डे कुठे येतात ते पाहिले, परत मिटले, आणि त्या कोऱ्या लाकडावर, नेमके त्या जागी, अनामिकेने पाच ठिपके ठेवले.

मी घाईने चष्मा लावला. अटी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचल्या. म्यानाविषयी एक अक्षर नव्हते. इतका ढिसाळ मसुदा मी कधीही मंजूर केला नसता.

“वाचून झालं असेल तर नारळ फोड,” ताई म्हणाली.