पडद्याबाहेरचा रकाना

माझा लॅपटॉप इतका लहान आहे की जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावतो. बसमध्ये मांडीवर उघडला तर शेजारच्याच्या कोपराला लागत नाही, म्हणूनच घेतला होता. मी नांदगाव पेठेत एका कापड कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, राहतो अमरावतीत, आणि रविवारी अकोल्याला जाऊन आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम करतो. म्हणजे करत होतो.

पहिल्या बैठकीत तो टेबलावर ठेवला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे काय, पाटी घेऊन आला का बे शाळेत?"

सगळे हसले. मीही हसलो. मला तो फार आवडायचा. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच स्वतःसाठी घेतलेली वस्तू होती ती.

मंडळाची एक जुनी रीत होती. प्रत्येक स्थळाला वहीत एक पान, आणि पानाचा कोपरा दुमडून आत पेन्सिलीनं एक नोंद. मोडलेला साखरपुडा, अंगावरचे डाग, घरातली दारू. आईवडील हे आपण होऊन सांगत, कारण पुढे फसवलं असं कुणी म्हणायला नको. समोरच्यानं विचारलं तरच सांगायचं, एरवी तोंड बंद. वही माझ्याकडे आली तेव्हा मी ती सगळी लॅपटॉपवर चढवली आणि दुमडलेल्या कोपऱ्याचा एक रकाना केला. सगळ्यात उजवीकडे, 'खास' नावाचा.

अक्षर वाचण्याइतकं मोठं केलं की त्या लहान पडद्यावर 'अपेक्षा' या रकान्यापर्यंतच दिसायचं. 'खास' बघायला बोटानं पुढे सरकावं लागे. हळूहळू माझं सरकणं कमी झालं. अध्यक्षांचा फोन आला की तेवढं. "त्या पोरीचं खासमधे पाय ना काय हाय." मी पाहून सांगायचो.

माझा एक मित्र अकोल्याच्या बाहेर शेवंती आणि झेंडू लावतो. होस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. त्याच्या मुलीचं नाव मंडळात घालायचं ठरलं, तेव्हा त्यानं मला मळ्याच्या बांधावर नेलं.

"लहानपनी दोनदा फिट आल्ती तिले. तापात. मंग कधीच नाही. गोळ्याही कवाच्या बंद झाल्या. तुलेच सांगून राहिलो. कोनी विचारलं त सांगजो, नाही त नको."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळच्या बसमध्ये लॅपटॉप उघडून लिहिलं: फिट येतात. विचारल्यास सांगणे.

'दोनदा', 'लहानपणी', 'तापात', यातलं काहीच लिहिलं नाही. बस मूर्तिजापूरला थांबली होती, लोक चढत होते, मी घाईत होतो. यापेक्षा बरं कारण मला आजही सापडत नाही.

मेळाव्यासाठी परिचय पुस्तिका छापायची होती. मी फाईल छापखान्याला पाठवली. तिथल्या मोठ्या पडद्यावर सगळे रकाने एका नजरेत दिसले असतील, त्यांनी सगळेच घेतले. प्रूफ आलं ते मी बसमध्येच पाहिलं, मुंगीएवढ्या अक्षरात. फोटो आणि नावं जुळतात का, इतकंच. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "तू पाह्यलं ना? मंग टाक छापाले."

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं होतं. मित्राची मुलगी स्टेजवर उभी राहिली. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, स्वयंपाकापेक्षा गाडी चालवायला आवडते, असं ती म्हणाली आणि लोक हसले. मित्र माझ्या शेजारी उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"हे पाय वं, हिले फिट येते."

"कुठी?"

"हे काय, छापलंच हाय ना."

मित्रानं माझ्या हातातली पुस्तिका घेतली. पान शोधलं. वाचलं. मी लॅपटॉप उघडला, का ते ठाऊक नाही, आणि बोट सरकवत राहिलो.

"हा रकाना मले दिसतच नव्हता," मी म्हणालो. "पडदा लहान हाय ना. लॅपटॉपनं घात केला पाय."

"लॅपटॉपनं नाही लिवलं ते," तो म्हणाला. "येते म्हनून काहून लिवलं बे?"

मुलगी स्टेजवरून उतरत होती. तो तिला घेऊन मागच्या दारानं निघून गेला.

आम्ही पुस्तिका गोळा करायला लागलो, पण निम्म्या तरी लोकांच्या पिशव्यांतून घरी गेल्या होत्या. आठवड्याभरानं मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "रकाना? कोनता रकाना? मंडळात असं काही नव्हतंच. यानं आपल्या मनानं केलं." ज्या माणसासाठी मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो रकाना उघडायचो, तो माझ्याकडे न बघता हे बोलला. बाकीचे माना हलवत होते. त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी मला विचारलं होतं. मी बोललो असतो तर दगा झाला असं म्हणालो असतो, आणि तो शब्द माझ्या तोंडी शोभला नसता. तरी दगा झालाच. रात्रंदिवस मी त्याच माणसाशी मनात भांडत होतो, मित्राच्या मुलीचा विचार त्यानंतर यायचा. याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

महिन्यानं मळ्यावर गेलो. मुलगी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होती. एक स्थळ ठरल्यातच जमा होतं, परतवाड्याचं. त्यांनी निरोप पाठवला होता की नको.

"काका, ते अजून आहे का त्यात?"

मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिनं स्वतःच बोट सरकवलं. आपली नोंद वाचून झाली, तरी ती खाली जात राहिली. दुसऱ्या मुलींच्या नोंदी. मी थांबवलं नाही.

"हिला मी ओळखते," ती एके ठिकाणी म्हणाली. मग तिनं हात काढून घेतला. "सगळं पुसा. माझं एकटीचं नाही, सगळ्यांचं. माझ्यासमोर."

मी पुसलं. मोबाईलमध्ये प्रत होती, ती दाखवली, तीही पुसली. ईमेलमध्ये होती, तीही. छापलेल्या पुस्तिकांचं तिनं काही विचारलं नाही.

"बाबा कुठं हायेत?" मी विचारलं.

"तुम्ही फाटकातून येताना दिसले, आणि ते शेवंतीत गेले," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुम्ही गेल्याबिगर येणार नाहीत. त्यांना सकाळपासून चहा नाही, काका."

मी उठलो आणि बस स्टॉपकडे निघालो.