वेशीतलं घरकुल

मी बी.ए. झालो त्या वर्षी गावातला पहिला पदवीधर होतो आणि नोकरी नव्हती. त्यामुळे गावाची सगळी लिखापढी आपोआप माझ्याकडे आली. मलाही ते बरं वाटे. नगरला शिकत असताना माझा भाकरीचा डबा रोज सकाळच्या एसटीनं गावातून यायचा. मध्येच आई आजारी पडली, तरी डबा यायचा थांबला नाही. भाकरीची जाडी बदलली एवढंच. त्यावरून आज कुणाच्या घरचा डबा आहे ते मला कळे. त्या डब्यांची परतफेड अर्ज लिहून होणार असेल, तर जन्मभर अर्ज लिहायची माझी तयारी होती.

आमचं गाव कोल्हारच्या रस्त्यापासून थोडं आत. गावाला जुनी दगडी वेस होती. कमानीच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि वर नगारखाना. पहारेकरी केव्हाच गेले होते. एका देवडीत नगारेवाले मामा, मामी आणि त्यांची लग्नाची मुलगी राहत. दुसरीत शेळ्या उन्हाच्या बसत. मामांच्या देवडीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. मामा सकाळ-संध्याकाळ वर जाऊन नगारा वाजवत. गावात कुणाच्या मुलीचं लग्न असलं की वऱ्हाड वेशीवर थांबे, वरून नगारा झडे, मुलीचा बाप घरातून नारळ घेऊन सामोरा येई आणि मग पाहुणे गावात पाऊल टाकत. मामांनी अशी किती वऱ्हाडं गावात घेतली होती, पण त्यांच्या मुलीला घोडेगावकडचं एक चांगलं स्थळ आलं, तेव्हा निरोप आला, "पोरगी पसंत हाय. पन आधी बापाला घर हू द्या."

त्याच सुमारास पंचायत समितीकडे तीन कामांसाठी निधी आला: जुन्या वास्तूंची डागडुजी, बेघरांना घरकुलं आणि तरुणांसाठी व्यायाम व करमणूक. एका गावाला एकच काम मिळेल, असं ग्रामसेवकांनी मारुतीच्या देवळात सभेपुढे वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांना वेस हवी होती. वस्तादांना तालीम हवी होती, कारण त्यांचे पैलवान चिंचेखाली लढत आणि अंगाला मातीपेक्षा चिंचेचा पालाच जास्त लागे. मामा मागे खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या वतीनं दुसरंच कुणीतरी घराचं बोललं.

"मग मतदान घेऊ. हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले.

सगळे जमिनीकडे बघू लागले. हात वर करायचा म्हणजे तो शेजारच्याच्या विरुद्ध जायचा. सरपंच आबा म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्यात हात वर करायची रीत न्हाई. एकदा वर झाला, की खाली यायला धा वर्सं लागत्यात."

"मग ठरवायचं कसं?"

"ठरलंच की. वेस दुरुस्त करायची. तिच्यात मामा ऱ्हातुया, म्हंजी घरकुल झालं. दुसऱ्या देवडीत तालीम. तिन्ही कामं एकाच जागी."

"एका कामाला तीन नावं, आबा?"

"देवाला चालत्यात, सरकारला का न्हाई?"

ठराव एकमतानं झाला. अर्ज मी लिहिला. 'इतिहास, निवारा आणि आरोग्य यांचा त्रिवेणी संगम' असं त्यात होतं. मला ते फार आवडलं होतं, आणि मंजुरी त्या वाक्यामुळेच मिळाली असं माझं पुढे कितीतरी दिवस मत होतं.

गावानं श्रमदान केलं. चुन्यानं सांधे भरले, देवड्यांची कमानीकडची तोंडं बुजवून त्यांच्या खोल्या केल्या. मामांच्या खोलीचं दार कुठं काढायचं, असं गवंड्यानं विचारलं, तेव्हा आबांनी फार दूरचा विचार केला. "सायेब जीपमधनं येनार ते रस्त्यानं. त्यास्नी आधी घर दिसलं पायजे. दार भाईरच्या अंगाला काढ." तालमीचं दार आतल्या बाजूला, मारुतीकडे काढलं. दोन्ही दारांवर मी ऑइलपेंटनं वळणदार अक्षरांत 'घरकुल' आणि 'तालीम' असं लिहिलं. विस्तार अधिकारी आले. त्यांना आधी घरच दिसलं. फोटो निघाले, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला गेला.

मग घोडेगावकडचे पाहुणे आले. मुलाचा बाप बैलांचा व्यापारी. त्यांनी घर बैलासारखंच पाहिलं: थाप मारली, चार पावलं मागे सरकून नजर टाकली, पुन्हा जवळ आले.

"घर ब्येस हाय. पन गावाच्या भाईर हाय."

"भिंत वेशीचीच हाय, पावनं," मामा म्हणाले.

"भिंतीतनं मानूस येतंय व्हय? मानूस दारातनं येतंय. आमचं वऱ्हाड वेशीवर थांबनार, आन तुमी सामोरं येनार कुठनं? आमच्या पाठीमागनं?"

वेशीबाहेरचं घर म्हणजे काय, ते तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गोणपाटाच्या पडद्यामागे मामा निदान गावात होते; सरकारी दार मिळाल्यावर ते बाहेर गेले. त्या संध्याकाळी नगारा वाजला, पण उरकल्यासारखा.

दार फिरवावं, तर ग्रामसेवक हात जोडू लागले. "दाखला गेलाय. आता दगड हलवला की तिन्ही कामं अपूर्ण." म्हणजे दगड हलणार नव्हते. माणसं हलवायला मात्र मनाई नव्हती. मामांनी तालमीत जावं आणि तालमीनं घरकुलात, असं आबांनी सुचवलं.

वस्ताद उसळले. "तालमीच्या लाल मातीत बाईमानसाचा पाय? माती पुजलीय आमी!"

मामी पदर खोचून पुढे आल्या. "वस्ताद, तुमच्या मातीत मी कशाला पाय ठिवू? तुमी माती उचला, मंग ठिवते."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मग पैलवानांना म्हणाले, "बगताय काय? तालीम म्हंजी माती. भिंती कुनाच्या का असनात. घमेली घ्या." आणि कुस्तीच्या हौद्यातली माती घमेल्या-घमेल्यानं कमानीखालून पलीकडे गेली. मामींनी खड्डा भरून सारवला, तरी जमिनीवर लालसर झाक राहिली. अक्षरं फोटोत आली होती, म्हणून ती पुसली नाहीत. पैलवान घरकुलात जोर मारू लागले आणि मामांचा संसार तालमीत सुरू झाला.

पाहुण्यांनी आतलं दार पाहिलं आणि सुपारी फुटली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या दिसल्या, तसे मामा वर धावले. नगारा झडला आणि मध्येच थांबला. "का रं थांबला?" वऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं. "वाजवनारा पोरीचा बाप हाय, दम धरा!" आमच्याकडून उत्तर गेलं. मामा खाली आले, घाम पुसला, फेटा बांधला, नारळ घेतला. घरापासून वेस अगदीच जवळ. म्हणून म्हाताऱ्यांनी त्यांना मारुतीला वळसा घालायला लावला. बाप कुठूनतरी आल्यासारखा दिसला पाहिजे ना!

विस्तार अधिकाऱ्यांनाही बोलावणं होतं. 'तालीम' या अक्षरांवर लावलेलं आंब्याचं तोरण त्यांनी बोटानं बाजूला केलं.

"आबा, हे काय?"

"सायेब, निधी करमनुकीचा हुता न्हवं? आज गावाची लई करमनूक हाय. पंगतीला बसा."

साहेब बसले.

मुलगी निघाली, तेव्हा बाप तिच्याजवळ नव्हता. तो वर नगाऱ्यावर होता. पाठवणीला रडायची रीत आहे, पण मामांचे दोन्ही हात गुंतलेले होते. गाड्या बाभळींपलीकडे दिसेनाशा झाल्या, तरी नगारा थांबेना. शेवटी मामींनी डोळे पुसले आणि खालून हाक मारली, "उतरा आता. दाराला कडी लावायचीय."