बुडालेल्या ग्रहाचं शुद्धिपत्र

नवव्या फॉर्म्यात ग्रह बुडाला आणि दहाव्या फॉर्म्याचा कागद आलाच नाही.

फॉर्मा म्हणजे मशीनवर एका वेळी चढणारी पानं. आमच्या गोंदियाच्या प्रेसमध्ये ती आठ असत. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, हाताने जुळवून आठ पानं उभी करायची, छापायची आणि लगेच खिळे मोकळे करून पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे. तेच खिळे पुढच्या आठ पानांना लागत. अख्खं पुस्तक जुळवून ठेवायला लागतात तेवढे खिळे आमच्या मालकांनी जन्मात घेतले नव्हते. त्यामुळे एकदा छापलं की छापलं. लेखकाला नंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी त्याच्यासाठी आमच्याकडे सोय नव्हती.

हे एकोणीसशे अठ्ठावन्न सालचं. मी त्या प्रेसचा फोरमन. बिडीची लेबलं, लग्नपत्रिका, राइस मिलचे लेटरहेड हे आमचं रोजचं काम. कादंबरी आमच्याकडे आजवर कुणी आणली नव्हती. ती आणली मुर्री गावच्या पटले मास्तरांनी. रशियाने नुकता आकाशात उपग्रह सोडला होता आणि मास्तरांच्या डोक्यात तो अजून फिरत होता.

कादंबरी ताऱ्यांमधल्या युद्धाची होती. दोन साम्राज्यं, त्यांचे हेर, मृत्युकिरण, सगळं होतं. पण मास्तर नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांचं आकाशही गेलं नव्हतं. त्यांची आकाशयानं जंक्शनवर थांबत, लाइन क्लिअर मिळेपर्यंत शिट्ट्या मारत. शत्रूचा सम्राट दुपारी आंबील पिऊन झोपे. त्याचा त्रिनेत्र नावाचा हेर तिसऱ्या वर्गाने प्रवास करी आणि पोहोचेल तिथे खांबाआड उभा राहून कान देई. नऊ फॉर्मे त्याने दुसरं काहीही केलं नाही.

आमचा त्रास वेगळा होता. आमच्याकडे 'ग्र' हा खिळा मोजकाच होता. लग्नपत्रिकेत एक 'आग्रह' आला की भागतं. मास्तरांच्या एकेका पानावर दहा-दहा ग्रह. मी त्यांना सांगितलं की आठ पानांत इतके ग्रह बसायचे नाहीत, काही कमी करा. त्यांनी तीन सूर्यमालिका काढून टाकल्या. बिचारे फार समजूतदार होते.

कागद मालगुजारांचा होता. मालगुजार म्हणजे एकेकाळी चार गावांचे धनी, जात कोहळी, नवेगाव बांधच्या अलीकडे त्यांचं गाव. तलाव बांधावेत ते कोहळ्यांनीच, असं आमच्या भागात सगळे मानतात. त्यांच्या आजोबांनी, सोनबांनी, गावाला मोठा तलाव बांधला होता. मग मालगुजारी गेली, गावं गेली आणि तलावही सरकारजमा झाला. उरले ते नुसते 'मालगुजार' म्हणवून घ्यायला. त्या काळात छपाईचा कागद सहज मिळत नसे. त्यांनी तो नागपूरहून आणून आपल्या कोठारात ठेवला आणि मास्तरांना एकच अट घातली की एका ग्रहाला सोनबांचं नाव द्यायचं. पृथ्वीवर जागा उरली नाही म्हटल्यावर माणसाने दुसरं काय मागावं?

मास्तरांनी आनंदाने सोनबा ग्रह निर्माण केला. त्यावर धानाची शेतं, बांधीमागून बांधी, आणि मधोमध क्षितिजापर्यंत पसरलेला तलाव. ठरल्याप्रमाणे प्रत्येक फॉर्मा छापला की एक प्रत मालगुजारांकडे जाई आणि परत येणाऱ्या बैलगाडीत पुढच्या फॉर्म्याचा कागद येई. ही पद्धत आमच्या मालकांची. बडा आदमी खुश राहिला पाहिजे, असं ते म्हणत. त्याच भरात त्यांनी नववा फॉर्माही धाडून दिला. त्यात पान बहात्तर, ओळ नऊवर शत्रूचा मृत्युकिरण सुटला, पाण्याच्या जोराने तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली आणि सोनबा ग्रह सगळ्या धानासकट बुडाला.

गाडी रिकामी परत आली. गाडीवानाने निरोप सांगितला की मालगुजार जेवले नाहीत.

मी मास्तरांना विचारलं, ज्याचा कागद त्याचाच ग्रह बुडवायची काय घाई होती? ते म्हणाले, कथानकाची गरज होती. कथानकाला अशी गरज नेमकी दुसऱ्याच्या कागदावरच का पडते, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मालकांना ग्रहाचं सुतक नव्हतं. त्यांना जागा अडल्याचं दुःख होतं. छापलेल्या बहात्तर पानांचे ढीग भिंतीला लागून उभे होते आणि लग्नसराई तोंडावर आली होती. ते म्हणाले, "फोरमन साहब, इतवार तक कागज आया तो ठीक. नहीं तो यह सब बिडीवाले को दे दूँगा, बंडल बाँधने के काम आएगा." मास्तर तिथेच उभे होते. उपग्रह सुटण्याच्या कितीतरी आधीपासून, सहा वर्षं शाळा सुटल्यावर रोज बसून त्यांनी ती वही भरली होती. ढिगातला वरचा कागद तिरका झाला होता तो त्यांनी नीट बसवला आणि निघून गेले. इतके दिवस मी त्यांना हसत होतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग मी माझ्या धंद्यातला एकमेव उपाय काढला, शुद्धिपत्र. पुस्तकात चूक राहिली की एक छोटी चिठ्ठी छापून आत घालतात. अमुक पान, अमुक ओळ, याऐवजी असे वाचावे. मी म्हटलं, अक्षर सुधारता येतं तर ग्रह का नाही? चिठ्ठी जुळवली आणि नमुन्याचा एक कागद काढला. 'पृष्ठ ७२, ओळ ९ : "ग्रह बुडाला" याऐवजी "ग्रह थोडक्यात वाचला" असे वाचावे.' दोन शब्दांत अख्खा ग्रह जिवंत केल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

शनिवारी मास्तर आणि मी छोट्या लाइनीच्या गाडीने निघालो, पुढे सायकली घेतल्या. मालगुजार ओसरीवर बसले होते. सत्तरीचे, वाळलेले, ताठ. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि परत दिली.

"हे कायले?" ते म्हणाले. "ग्रह बुडाला तं बुडाला. आमची गावं गेली तवा कोनी शुद्धिपत्र काढलं होतं का?"

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, आपली सायकलवारी फुकट गेली.

"मले येवढंच सांगा मास्तर," मालगुजार म्हणाले, "पाळ काऊन फुटली?"

"मृत्युकिरण पडला ना जी. पान्याचा जोर वाढला."

"पान्याच्या जोरानं पाळ फुटत नाही. सोनबाची तं नाहीच नाही. पाळ मानसानं फुटते."

ते उठले, पायांत वहाणा घातल्या आणि आम्हाला तलावाकडे घेऊन गेले. पाळीवरून चालताना त्यांनी सगळं दाखवलं. कुठे दगड बसवलाय, कुठली माती कुठून आणली. तुडुम दाखवलं. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार. पाणी चढू लागलं की ते वेळेवर उघडायला कुणीतरी जागेवर लागतं. पूर्वी तो माणूस पाळीवरच राहत असे. आता सरकारी पाटी होती आणि एक नेमलेला माणूस होता. तो तालुक्याला राहायचा आणि बाजाराच्या दिवशी येऊन पाटी पाहून जायचा. पाळीला उंदरांनी बिळं केली होती. मालगुजारी गेल्यापासून पाळीवर घमेलंभर माती पडली नव्हती. मालगुजारांनी स्वतःहून टाकायला काढली तर सरकारी मालमत्तेत ढवळाढवळ केली म्हणून त्यांनाच लेखी ताकीद आली.

"तुमचा तो हेर," ते मास्तरांना म्हणाले, "नऊ फॉर्मे खांबामागं उभा राहून काय करून राहिला? त्याले तुडुमावर नेमा. पानी चढून राहिलं अन् हा उघडत नाही. मंग बुडू द्या ग्रह. मी कागद देतो."

मास्तर तिथेच पाळीवर बसून लिहून घेऊ लागले. नऊ फॉर्मे जे त्यांना सुचलं नव्हतं ते एका मालगुजाराने चालता चालता सांगितलं होतं. मी मात्र खिशातली माझी चिठ्ठी चुरगाळली. माणूस आपला अपमान झाला म्हणून रुसून बसलाय असं मी धरून चाललो होतो आणि त्याला काळजी होती पाळीची. मला स्वतःची लाज वाटली.

नवी चिठ्ठी अशी होती : 'पृष्ठ ७२, ओळ ९ : "पाण्याच्या जोराने पाळ फुटली" याऐवजी "पाळीवर नेमलेला माणूस शत्रूचा होता, पाणी चढत असता त्याने तुडुम उघडलेच नाही, म्हणून पाळ फुटली" असे वाचावे.' मालगुजारांच्या सांगण्यावरून ती मोठ्या टाइपात जुळवली आणि पुस्तकात मागे न घालता पुढेच चिकटवली. रविवारी दुपारी कागदाची गाडी प्रेसच्या दारात उभी राहिली. बिडीवाल्याचा माणूसही तेव्हाच आला होता. तो लेबलं घेऊन परत गेला.

पुस्तक निघालं. शाळांनी घेतलं, नातेवाइकांना मिळालं. उरलेल्या चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी होती म्हणून त्यांचा गठ्ठा मी टिपणं करायला टेबलावर ठेवला.

पोळ्याच्या सुमारास चार दिवस पाऊस लागून राहिला आणि सोनबांचा तलाव फुटला. दिवसाची वेळ होती म्हणून माणसं वाचली. खालची धानाची शेतं मात्र चिखलाखाली गेली. तुडुमावर कुणी नव्हतं. बाजाराचा दिवस नव्हता. आठवड्याभराने पाटबंधारे खात्याने गावोगाव नोटीस लावली की अतिवृष्टीमुळे, पाण्याच्या जोराने पाळ फुटली, कुणाचाही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी मालगुजार प्रेसमध्ये आले. गोंदियात ते कधी येत नसत. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"फोरमन, तुमची ते चिठ्ठी उरली का?"

मी गठ्ठा दिला. टिपणं केलेल्याही त्यांनी नेल्या.

तिसऱ्या दिवशी खात्याचे एक साहेब जीप घेऊन आले. प्रत्येक नोटिशीखाली एकेक चिठ्ठी डकवलेली सापडली होती. आमच्या प्रेसचा 'ळ' एका बाजूने झिजलेला होता आणि सबंध गोंदिया तो ओळखत असे. साहेबांनी चिठ्ठी टेबलावर आपटली आणि विचारलं, हे कुणाविषयी आहे? मालक आत जाऊन बसले. मी पुस्तक काढून साहेबांसमोर धरलं. म्हटलं, पान बहात्तर, ओळ नऊ. ही दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट आहे.

साहेबांनी उभ्या उभ्या ते पान वाचलं. चिठ्ठी वाचली. पुढची पानं उलटली. त्यांचा आवाज बराच खाली आला.

"शेवटी तो हेर पकडला जातो का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "त्याला बढती मिळते."

साहेबांनी पुस्तक मिटून ठेवलं. चिठ्ठी मात्र घडी करून खिशात घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. चौकशी पुढे झाली नाही, तलावाची नाही आणि चिठ्ठीचीही नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं प्रेसमध्ये काढली. एक नियम मात्र मोडला नाही. पुस्तक कुणाचंही असो, शुद्धिपत्र नेहमी शंभरेक जास्तीचं छापायचं. चूक पुस्तकातच राहील याची खात्री कुणी द्यावी?